घरात अडीनडीची रोकड किती? सांगलीच्या महापुरातलं एक प्रकरण

हे प्रकरण सांगलीतल्या एका पाच जणांच्या कुटुंबाचं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. काळ ऑगस्ट 2019 च्या महापुराचा, आणि नंतर जुलै 2021 च्या पुराचा. एकाच घराला दोन वर्षांत दोनदा तीच वेळ आली, त्यामुळे पहिल्या वेळी शिकलेलं दुसऱ्या वेळी कितपत उपयोगी पडलं, हे तपासता येतं.

पार्श्वभूमी

घर कृष्णेच्या बाजूच्या सखल भागात, तळमजला आणि वर एक मजला. घरात नवरा-बायको, इन्सुलिन घेणारी सत्तरीपुढची आजी, कॉलेजातला मुलगा आणि शाळकरी मुलगी. नवरा कुपवाड एमआयडीसीत नोकरीला, पगार बँकेत. बायको शिवणकाम करते आणि बारा जणींची भिशी चालवते. महिन्याला प्रत्येकीचे 2,000, म्हणजे 24,000 रुपये दर महिन्याला तिच्या हातून जातात.

2016 पर्यंत या घरात रोकड बऱ्यापैकी असायची. डाळीच्या डब्यात, साड्यांच्या घडीत, आजीच्या बटव्यात. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री 500 आणि 1,000 च्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा बायकोनं वर्षानुवर्षं बाजूला टाकलेले 38,000 रुपये नवऱ्यापुढे काढावे लागले आणि बँकेच्या रांगेत उभं राहून भरावे लागले. पैसे बुडाले नाहीत. पण त्या दिवसापासून घरात पैसा ठेवायचाच नाही, लागेल तसा एटीएममधून आणायचा, असं ठरून गेलं. 2019 च्या पावसाळ्यात घरखर्चाचे म्हणून घरात 3,400 रुपये होते: चार नोटा 500 च्या, नऊ 100 च्या आणि बाकी 500 रुपयांची चिल्लर.

दुसरी एक समजूतही या घरात पक्की होती. 2005 च्या पुरात पाणी घराच्या पायरीपर्यंत येऊन उतरलं होतं. सांगलीत कृष्णेवर असलेल्या आयर्विन पुलाजवळ तेव्हा पातळी 54 फुटांच्या जवळ गेली होती. गल्लीत सगळे ‘पाच सालच्या पाण्या’वरूनच हिशोब करायचे. त्याच्या वर पाणी येईल, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

अडचण

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोयनेचा विसर्ग वाढत गेला. आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं.

सांगलीत कृष्णेचं पाणी चढताना अंदाज देत चढतं, म्हणून पैशांची सोय करायला वेळ मिळतो. या घरालाही तो मिळाला होता. रविवारी, 4 तारखेला, नवरा एटीएमला गेला. त्याच्या कार्डावर दिवसाला 20,000 काढता येत होते, पण मशीन एका वेळी 10,000 च देत होतं. पहिल्यांदा 20 नोटा आल्या, सगळ्या 500 च्या. मागे पंधरावीस माणसं उभी. पुन्हा कार्ड घातलं तर लोक कुरकुरतील, म्हणून तो बाहेर पडला. उरलेले उद्या काढू.

सोमवारी नागपंचमी. त्या एटीएममध्ये रोकड संपली होती, दुसऱ्याची वीज गेली होती. मंगळवारी रात्री गल्लीत कमरेएवढं पाणी असताना घर सोडावं लागलं. पुढचं कॅलेंडर पाहिलं तर 10 तारखेला दुसरा शनिवार, 11 ला रविवार, 12 ला बकरी ईद. म्हणजे पूर ऐन भरात असताना बँकेच्या सलग तीन सुट्ट्या.

हातात 13,400 रुपये. शिवाय तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात भिशीचे 24,000. ते घरखर्चात मिसळू नयेत म्हणून बायकोनं मुद्दाम वेगळे ठेवले होते, आणि कप्पा पाच सालच्या पाण्याच्या चांगला वर होता. निघताना आजीला खुर्चीत बसवून बाहेर काढण्यातच सगळे गुंतले. कपाटाकडे परत कुणी गेलं नाही.

समोर असलेले पर्याय

निघण्याआधीच्या दोन दिवसांत घरात काय बोलणं झालं, हे नंतर विचारून नोंदवलं आहे.

रविवारीच उरलेले 10,000 काढायचे, हा सगळ्यात सोपा मार्ग होता. भिडेखातर तो सुटला. दुसरा विचार बायकोचा: सोमवारी सकाळी बँकेत जाऊन स्लिप भरून 15,000 काढावेत आणि निम्मे सुट्टे मागावेत. सणाचा दिवस, त्यात सामान वर चढवायची घाई, म्हणून तोही मागे पडला. खरं तर सुट्टे पैसे मिळायची जागा बँकेची खिडकीच आहे. एटीएम 500 देणार, हे गृहीतच धरायचं. (रिझर्व्ह बँकेनं 100 किंवा 200 च्या नोटा देणारी एटीएम वाढवायला एप्रिल 2025 मध्ये बँकांना सांगितलं.)

तिसरा विचार, भिशीचे पैसे सोबत घेऊन गरज पडली तर वापरावेत. बायकोचा याला ठाम नकार होता: दुसऱ्यांचा पैसा आहे, हात लावायचा नाही. वापरायचा नाही हे बरोबरच. पण सोबत न्यायचा की नाही, हा प्रश्न वेगळा होता, आणि दोन्ही एकच समजले गेले. चौथा विचार मुलाचा: फोनवर सगळं चालतं, रोख कशाला? पुढे हे कुटुंब जिथे राहिलं, त्या विश्रामबागला काही दुकानांत ते चाललंही. जिथे वीज आणि रेंज दोन्ही होती तिथे, आणि असेल तेव्हा.

काय झालं, पैसे कुठे गेले

कुटुंब विश्रामबागला बायकोच्या मावसभावाकडे गेलं. तो भाग उंचावर, घरात पाणी नाही. पण वीज येऊन जाऊन, मोबाईल कधी लागायचा कधी नाही, आणि पेट्रोलपंपावर रांगा.

पहिली अडचण रकमेची नव्हती, सुट्ट्याची होती. बुधवारी सकाळी नवरा दुधाच्या रांगेत उभा राहिला. दोन लिटरचे 120 रुपये, हातात 500 ची नोट. दूधवाल्याचा गल्ला रिकामा. "काका, सुट्टं असलं तर द्या, नायतर उद्या या." शेवटी त्यानं नोट ठेवून घेतली, कॅलेंडरचा एक कागद फाडला, त्यावर 380 लिहून खाली सही ठोकली आणि तो कागद हातात दिला. ते 380 रुपये दुधाच्या रूपात चार दिवसांत फिटले. हा दूधवाला ओळखीचा निघाला म्हणून एवढं तरी जमलं. भाजीवालीकडे तशीच दुसरी नोट चालवायला 40 रुपयांच्या भाजीऐवजी 200 ची घ्यावी लागली, तीही तिनं पलीकडच्या टपरीवरून मोड आणून दिली तेव्हा. 100 च्या नऊ नोटा दुसऱ्या दिवशीच संपल्या. हातात पैसा असून वस्तू मिळत नाही, ही या प्रकरणातली सगळ्यात कमी लेखलेली गोष्ट.

सहा तारखेपासून घर साफ होईपर्यंत रोखीनं झालेला खर्च बायकोनं वहीत लिहिला होता. तो तीन खात्यांत विभागला की चित्र स्पष्ट होतं.

निघण्याचा खर्च: टेम्पो 1,500 (एरवी तीनचारशेचं भाडं), आजीचं इन्सुलिन, सुया आणि रक्तदाबाच्या गोळ्या 1,150, अंगावरच्या कपड्यांनिशी निघाल्यामुळे कपडे, चपला, टॉर्च 1,900. एकूण 4,550. औषधांच्या दुकानात कार्डाचं मशीन होतं, पण लाइन नव्हती.

तगून राहण्याचा खर्च, नऊ दिवसांचा: किराणा-भाजी 2,750, दूध 1,300, दुचाकीचं पेट्रोल 600, पाण्याचे जार 540, रिक्षा 480, फोन चार्जिंग आणि रिचार्ज 300. एकूण 5,970, म्हणजे दिवसाला साधारण 660 रुपये. राहायला घर फुकट मिळालं म्हणून हा आकडा एवढा लहान आहे. लॉजवर राहायची वेळ आली असती तर दोन दिवसांतच हात टेकावे लागले असते.

परतण्याचा खर्च: चिखल काढायला दोन मजूर तीन दिवस, 700 रुपये रोजानं 4,200, पंपाचं भाडं आणि धुण्यासाठी टँकरचं पाणी 1,200, इलेक्ट्रिशियन 800, ब्लीचिंग पावडर, फिनेल, खराटे 650. एकूण 6,850.

तिन्हींची बेरीज 17,370. हातात होते 13,400. कमी पडलेले 3,970 म्हणून मावसभावाकडून 4,000 उसने घेतले. सरकारनं पूरग्रस्त कुटुंबांना शहरी भागात 15,000 आणि ग्रामीण भागात 10,000 जाहीर केले होते, त्यातले 5,000 रोख मिळायचे होते. ते हातात आल्यावर उसनवारी फिटली. पण ती मदत पाणी ओसरल्यावरची. पहिल्या आठवड्यात तिचा उपयोग शून्य, आणि ती कधी मिळेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून ती हिशोबात धरू नये.

आकड्यांमधली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की सगळ्यात मोठं खातं परतण्याचं आहे. पाणी उतरलं की संकट संपलं असं वाटतं, पण चिखल काढणारा मजूर संध्याकाळी रोख मागतो, आणि त्या आठवड्यात मजूर तुमच्यासाठी थांबत नाही.

भिशीचे ओले पैसे

कपाट उघडलं ते आठ दिवसांनी. कप्प्यापर्यंत पाणी आलं होतं. 24,000 रुपये 68 नोटांत होते: 2,000 च्या चार, 500 च्या चोवीस, 100 च्या चाळीस. सगळ्या रबरबँड लावलेल्या, प्लास्टिकच्या साध्या पिशवीत, आणि पिशवीत गाळाचं पाणी.

भारतीय नोटेचा कागद कापसाच्या धाग्याचा असतो, त्यामुळे नोट पाण्यानं विरघळत नाही. तिचं नुकसान होतं ते चिकटलेल्या नोटा ओढून सोडवताना. इथेही तेच झालं. मुलीनं गठ्ठा हातात घेऊन पत्ते पिसल्यासारखा सोडवायला सुरुवात केली आणि तीन नोटा फाटल्या. मग थांबून गठ्ठा पसरट भांड्यात स्वच्छ पाण्यात ठेवला. गाळ खाली बसला, पाणी दोनदा बदललं, आणि नोटा पाण्यातच एकेक सुट्या झाल्या. नंतर सुती पंचावर सावलीत अंथरल्या, वर दुसरा पंचा घालून हातानं दाबल्या. साबण, ब्लीचिंग, इस्त्री, कडक ऊन, सगळं टाळायचं: त्यानं रंग आणि सुरक्षा धागा खराब होतो, आणि मग बँकेत नोट संशयाची होते.

मळक्या नोटा कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत बदलून मिळतात, खातं असायची गरज नाही. दिवसाला 20 नोटा आणि 5,000 रुपयांपर्यंत खिडकीवर फुकट. त्याहून जास्त असतील तर बँक पावती देऊन ठेवून घेऊ शकते. बायकोनं बदलून न घेता चांगल्या वाळलेल्या नोटा सरळ खात्यात भरल्या. हे जास्त सोपं.

फाटक्या नोटांचा नियम मात्र मापाचा आहे, आणि 2018 साली त्यात बदल झाला. 50 रुपये आणि त्यावरच्या नोटेचा सर्वात मोठा अखंड तुकडा 80 टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण किंमत, 40 ते 80 टक्के असेल तर निम्मी, त्याखाली काही नाही. पण एकाच नोटेचे दोन तुकडे असतील आणि दोन्ही किमान 40 टक्क्यांचे असतील, तर पूर्ण किंमत मिळते. या घरातल्या 100 च्या दोन नोटा मधोमध फाटल्या होत्या, चारही तुकडे जपून ठेवले होते, पूर्ण 200 मिळाले. 500 च्या एका नोटेचा एक तुकडा धुताना मोरीत गेला, उरलेला निम्म्याहून थोडा मोठा होता. त्याचे 250 आले. आठ दिवस पाण्यात राहिलेल्या 24,000 मध्ये एकूण तोटा 250 रुपयांचा.

भिशीची पाळी ज्या बाईची होती तिला पैसे तीन आठवडे उशिरा मिळाले. तिच्याही घरात पाणी होतं आणि तिला ते तेव्हाच हवे होते. हे नुकसान मोजायला वहीत रकाना नाही.

नंतर ठरवलेली रक्कम

‘महिन्याच्या खर्चाइतकी रोकड घरात ठेवा’ असा सल्ला नेहमी ऐकू येतो. या घराच्या बाबतीत तो चुकीचा ठरला असता. महिन्याच्या खर्चात हप्ते, शाळेची फी, वीजबिल येतं. पुरात यातलं काहीच रोखीनं द्यावं लागत नाही. उलट टेम्पो आणि मजूर महिन्याच्या खर्चात कुठेच नसतात. म्हणून आकडा काढायचा तो निघणं, तगणं, परतणं या तीन खात्यांवरून.

कुटुंबानं 18,000 ठरवले. आमच्या मते यात थोडी ढील आहे. परतण्याच्या वेळी शहरातल्या उंच भागातली एटीएम चालू झालेली असतात, तेव्हा त्या खात्याचा निम्मा पैसा घरात नसला तरी चालतं. 13,000 ते 14,000 पुरेसे ठरले असते. पण आजीचं औषध आणि वाढलेले भाव धरून त्यांनी 18,000 ठेवले, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. वरची मर्यादा मात्र त्यांनी पाळली, हे महत्त्वाचं. घरातली रोकड घरगुती विम्यात सहसा धरत नाहीत, चोरीला गेली तर गेली, आणि तिला व्याज नाही. आयकर कायद्यात घरी किती रोकड ठेवावी याला मर्यादा नाही, फक्त विचारलं तर पैसा कुठून आला हे दाखवता यायला हवं. म्हणून पैसे काढल्याची बँकेची स्लिप पाकिटातच ठेवली आहे.

नोटांची मांडणी रकमेपेक्षा जास्त विचारानं केली: 500 च्या 16, 200 च्या 20, 100 च्या 40, 50 च्या 20, 20 च्या 30, 10 च्या 40. 2,000 ची एकही नाही. (मे 2023 मध्ये ती नोट मागे घेतली गेली तेव्हा या घराला काहीच करावं लागलं नाही.) त्यातले 6,000, बहुतेक लहान नोटांचे, निघायच्या बॅगेत, औषधांची चिठ्ठी आणि आधारच्या झेरॉक्सबरोबर. 12,000 वरच्या मजल्यावर, दागिन्यांपासून वेगळे. दोन झिपच्या पिशव्या एकात एक, आत सिलिका जेलची पुडी. रबरबँड नाही, कारण उन्हाळ्यात तो वितळून नोटेला चिकटतो. स्टेपलर तर नाहीच. कागदाची पट्टी पुरते. बँकेच्या लॉकरचाही विचार झाला होता, पण लॉकरमध्ये रोकड ठेवायला करारानंच मनाई आहे, आणि पुरात लॉकर उघडायला जाणार कोण?

दरवर्षी मृगाच्या आधी पाकीट काढून जुन्या नोटा खर्चायच्या आणि नव्या घालायच्या, मोजून. जागा नवरा-बायको दोघांनाच माहीत.

2021 मध्ये काय झालं

जुलै 2021 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी पुन्हा 55 फुटांच्या आसपास गेलं. या वेळी कुटुंब पाणी गल्लीत शिरायच्या आधीच दिवसाउजेडी निघालं. रोखीनं 5,900 खर्च झाले. दोन वर्षांत दुकानोदुकानी क्यूआर कोड आले होते, आणि विश्रामबागला रेंज बरी होती. 500 च्या सोळांपैकी बारा नोटा तशाच परत आल्या, 100 च्या जवळपास सगळ्या संपल्या. पुढच्या वर्षी त्यांनी 500 च्या सहा कमी करून तेवढ्याच किमतीच्या 100 च्या तीस वाढवल्या. एकूण रक्कम तीच.

हा आकडा उचलून दुसरीकडे लावू नये. त्याच आठवड्यात, 22 जुलैला, चिपळूणमध्ये पाणी काही तासांत चढलं. तिथल्या एसटी आगाराच्या व्यवस्थापकांनी सुमारे 9 लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर कित्येक तास काढले, ही बातमी तेव्हा सगळीकडे आली होती. तिथे एटीएमपर्यंत जायला रविवार मिळत नाही. वाशिष्ठीच्या काठच्या घरात रोकड किती, यापेक्षा ती वरच्या मजल्यावर आहे का आणि एका हातानं उचलता येते का, हे आधी पाहावं लागतं. मोबाईलचे टॉवर बंद पडले की स्टार 99 हॅश (*99#) हा नंबर लावून इंटरनेटशिवाय पैसे पाठवायची सोयही अडते, कारण तिला नेट लागत नसलं तरी टॉवर लागतो.

वेगळं काय करता आलं असतं

2019 मध्ये सगळ्यात स्वस्त चूक रविवारच्या रांगेतली. दुसऱ्यांदा कार्ड घातलं असतं तर दोन मिनिटं गेली असती आणि उसनवारी टळली असती. सुट्ट्याचा प्रश्न मात्र त्यानंही सुटला नसता. त्यासाठी शुक्रवारी किंवा सोमवारी बँकेच्या खिडकीवरच जायला हवं होतं.

पाच सालच्या पाण्याचा दाखला घेऊन कप्पा ठरवणं, ही दुसरी चूक. मागच्या पुराची खूण हा तळ धरावा, छत नव्हे. घरात वरचा मजला असताना पैसे खाली ठेवण्याचं कारण एवढंच, की कपाट खाली होतं.

भिशीबाबत बायकोनं आता नियम बदलला आहे. जमलेले पैसे त्याच संध्याकाळी पाळीच्या बाईला द्यायचे, रात्र घरात काढायची नाही. बारापैकी दहा जणी फोनवरून थेट तिलाच पाठवतात. दोघी अजून रोख आणून देतात, त्यांचे 4,000 मुलगा सायकलवरून पोहोचवून येतो.